पुकारेकाकांचा साक्षीदार

पुकारेकाकांना हळू बोलता येत नसे. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित खालच्या मजल्यावर पोचायचं. मुंबईतल्या एका कोर्टात ते आयुष्यभर पुकारा करणारे शिपाई होते. दाराबाहेर उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा घ्यायचं, ही त्यांची नोकरी. दारावरच्या पाटीवर कोकणातलं खरं आडनाव होतं, पण भाईंदर पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते कुणी वाचलं नसावं. त्यांची सकाळची बुद्धवंदना चार बिल्डिंगांना पुरायची. पाण्याचा टँकर आला की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ते गरजायचे, "पाणी! पाणी! पाणी!" की सगळे बादल्या घेऊन खाली.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन गिरगावातून त्यांच्या शेजारी राहायला आले होते. नवरा सकाळी सातलाच कामावर जायचा. दिवसभर मला सोबत काकूंची आणि काकांच्या आवाजाची. काका मला सूनबाई म्हणत.

त्यांची मुलगी मंगल काशीगावाकडच्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होती. एका संध्याकाळी तिने बिस्किटांच्या डब्यातून एक पांढरा उंदीर आणला. "कुठल्याच कामाचा नाही हा," ती म्हणाली. "हात लावला की आडवाच होतो. टाकून देणार होते, म्हणून आणला."

काकांनी डब्यात डोकावून विचारलं, "नाव काय याचं?"

उंदीर आडवा झाला.

"गेला!" काकू म्हणाल्या. पण तो गेला नव्हता. दहा मिनिटांनी त्याची एक मिशी हलली.

अशी माणसं काकांनी कोर्टात पुष्कळ पाहिली होती. ते म्हणाले, "हा साक्षीदार आहे. सगळं बघितलंय, पण पुढे यायला घाबरतोय. मी आणतो त्याला." दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा वाजता, कोर्ट सुरू व्हायच्या वेळेला, ते त्याच्यासाठी आणलेल्या पिंजऱ्यासमोर ताठ उभे राहून तीनदा पुकारा करू लागले, "साक्षीदार हाजिर हो!" पिंजऱ्यात काकूंनी नारळाची करवंटी पालथी ठेवली होती. उंदीर तिच्याखालून तीन दिवस बाहेर आला नाही की त्याने दाणा खाल्ला नाही.

"अहो, उंदीर आहे तो," काकू शेवटी म्हणाल्या. "समन्स काढून येणार आहे का?"

"पण खात नाहीये गं. मेला तर?"

"मेला तर तुमच्या आवाजाने मेला, असं मी सांगणार सगळ्यांना."

 मग काकांनी वयाच्या साठीत कुजबुजायला शिकायचं ठरवलं. परीक्षक मी. ते त्यांच्या स्वयंपाकघरात बसून काहीतरी बोलायचे आणि मी माझ्या गॅलरीतून ऐकू आलं ते सांगायचं.

"काय ऐकलंस?"

"भेंडी जून निघाली."

"छे! अजून येतंय ऐकू!"

असे पंधरा-वीस दिवस गेले. पुकारा बंद झाला, तसे रात्री पिंजऱ्यातले दाणे संपू लागले. एके दिवशी काहीच ऐकू येईना, म्हणून मी घाबरून धावत गेले. काका ओट्याशी बसून नुसते ओठ हलवत होते. चेहरा उजळलेला.

"ऐकू आलं?"

"नाही."

"मग जमलं."

त्यांना जमलं आणि बिल्डिंगचं पाणी गेलं. टँकर आला, थांबून तसाच निघून गेला, कुणाला पत्ताच नाही. सेक्रेटरी शाहभाई तणतणत वर आले. "काका, आवाज क्यूं नहीं दिया? पूरा बिल्डिंग सूखा है!"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "गवाह डर जाता है."

शाहभाईंनी खोलीभर गवाह शोधला. मी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा ते खुर्चीतच बसले.

त्यानंतर टँकर आला की काका जिना उतरत दारोदार जायचे, एका बोटाने दार वाजवायचे आणि कुणाचं तरी बरंवाईट झाल्यासारखे कानाशी सांगायचे, "पाणी आलंय." तळमजल्यावर पोचेपर्यंत टँकर निघून गेलेला असायचा. शेवटी कमिटीची मीटिंग भरली आणि शाहभाईंनी खाली उभं राहून थाळी वाजवायची असं ठरलं. काकांनी तिथेच हात वर करून थाळीला फडकं बांधण्याची सूचना मांडली. ती फेटाळली गेली.

रोज दुपारी ते शेंगदाणा ठेवलेला तळहात पिंजऱ्यात घालून बसत. हात बधिर व्हायचा. पेपरची पानं मी उलटायची. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी करवंटी हलली. साक्षीदार बाहेर आला, हात हुंगला, वर चढला आणि बसून दाणा खाऊ लागला. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात अडकलेला, त्यामुळे ते पुसायचीही सोय नव्हती.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "आजवर हजारो माणसांना बोलावलं. आपणहून आलेला हा पहिलाच."

पुढे तो त्यांच्या अंगाखांद्यावर राहू लागला. एकदा आम्ही गॅलरीत उभे होतो, साक्षीदार काकांच्या हातावर. खाली टँकर मागे येत होता आणि शाहभाई त्याच्याकडे पाठ करून टाकीच्या झाकणाशी वाकले होते. ड्रायव्हरला ते दिसत नव्हते. मला दिसत होते, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. काकांनी एकदा हाताकडे पाहिलं.

"थांब!"

टँकर शाहभाईंपासून वीतभर अंतरावर थांबला. काकांचा तळहात रिकामा होता.

"गेला गं," ते मटकन खाली बसले. "माझ्याच आवाजाने गेला."

आम्ही घर उलथंपालथं केलं. शाहभाई धावत वर आले आणि त्याला शोधायला थेट कॉटखाली शिरले. तेवढ्यात काका खुदकन हसले. त्यांना गुदगुल्या होत होत्या. साक्षीदार बाहीतून आत शिरून त्यांच्या काखेत बसला होता.

"तुम्हाला घाबरला आणि तुमच्याच काखेत पळाला?" काकू म्हणाल्या.

काकांनी संध्याकाळपर्यंत तो हात उचलला नाही.

उंदरांना आयुष्य थोडं असतं, हे मंगलने आधीच सांगितलं होतं. पुढच्या थंडीत तो झोपेतच गेला. काकांनी त्याला रुमालात गुंडाळलं आणि आम्ही दोघं मोरवा गावाच्या बाजूला खाडीकडे गेलो. काका कालथ्याने खड्डा खणत होते. मासळीची पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली.

"काय हाय त्यात? पोपट?"

काका खणतच राहिले. मी म्हटलं, "नाही. उंदीर आहे."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं. आता ही हसणार, असं मला वाटलं. तिने पाटी खाली ठेवली, खड्डा बुजेपर्यंत उभी राहिली, मग बांधावरचा एक दगड दोन्ही हातांनी ढकलत आणून त्यावर ठेवला.

"न्हाय तर कुत्री उकरतील," ती म्हणाली आणि काकांच्या हातातून कालथा घेऊन पदराला पुसून दिला.