तीनशे वर्षं जास्तीची

तुमच्या पत्रात होतं, की युरोपात कुणी विद्वान म्हणतो, मध्ययुगातली सुमारे तीनशे वर्षं झालीच नाहीत. ती मागाहून कागदावर घुसडली. तुम्हाला ते फार नवं वाटलेलं दिसतं. आमच्या घरी ही शिळी बातमी आहे. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे वडील, पंचेचाळीस सालाच्या आसपास साताऱ्यात रोज जेवताना हेच सांगत होते, आणि ऐकणाऱ्यांत ताटावरून उठून जाता न येणारी मी एकटीच होते. क्रमानं सांगते.

वडिलांना सगळे आण्णा म्हणत. ते कोर्टात रेकॉर्डकडे कारकून होते. वतनाच्या दाव्यांना वंशावळी जोडलेल्या असत. त्या तपासायच्या आणि दप्तरात बांधून ठेवायच्या, हे त्यांचं काम. बरीच वर्षं वंशावळी पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की तीच ती नावं फिरून फिरून येतात. घराणं जुनं दिसावं म्हणून लोक एकच माणूस दोनदा लिहितात, असं त्यांनी ठरवलं. एक-दोन दाव्यांत ते खरंही निघालं, आणि तिथंच घात झाला. एका रविवारी त्यांनी माझ्या अभ्यासातलं मॅट्रिकचं इतिहासाचं पुस्तक उघडलं, तर चालुक्य घ्या, राष्ट्रकूट घ्या, सगळीकडे एकाच नावाचे दोन-दोन, तीन-तीन राजे.

"बघ," ते म्हणाले, "तोच प्रकार!"

तांबड्या शाईनं त्यांनी दुसरे-तिसरे राजे खोडायला घेतले. महिन्याभरात तीनशे वर्षं कमी झाली. पुस्तक मैत्रिणीचं होतं, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण मला सांगलीच्या कॉलेजात जायचं होतं. तिथं माझी आत्या राहत होती, म्हणजे राहण्याची सोय होती. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेली मुलगी नव्हती. आण्णा हो म्हणाले तरच मी जाणार. ते हो म्हणाले, पण अट घातली.

"पेपरात माझ्या सनावळ्या लिहायच्या. पुस्तकातल्या लिहिल्यास तर कॉलेज नाही. खोटं शिकायला सांगलीपर्यंत कशाला जायचं? ते साताऱ्यात मिळतं."

म्हणजे आण्णांचं ऐकलं तर नापास, आणि नाही ऐकलं तर पास होऊन घरी.

नाताळच्या सुटीत आम्ही कडेगावजवळच्या आमच्या गावी गेलो. त्याच दिवसांत हेळवी आला. हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा माणूस. सुगी झाली की येतो, तुमच्या घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि धान्य, कपडा घेऊन जातो. मला त्याचा मोठा आधार वाटला. पिढ्या ऐकून तरी एका नावाची दोन माणसं असतात हे आण्णांना उमजेल, असा माझा हिशेब. आण्णांनाही त्याचा आधार वाटत होता. ते वही घेऊन बसले होते.

हेळव्यानं सुरुवात केली, आणि पाचव्या पिढीला आण्णांनी हात वर केला.

"थांब. हा मघाशी झाला."

"मघाशी झाला त्यो आजा, धनी. ह्यो त्येचा नातू."

"नाव तर तेच."

"आवं, आज्याचं नाव नातवाला ठेवत्यात की! मग काय शेजाऱ्याचं ठेवायचं व्हय?"

"नाव एक तर माणूस एक. पुढचा सांग."

हेळवी गोंधळला. "धनी, आसं येकेक मारत निघालासा तर शेवटाला तुमचीबी पाळी येतीया."

ते खरं होतं. आण्णांना त्यांच्या आजोबांचंच नाव ठेवलेलं होतं. सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून माझ्या आजीनं पोटच्या मुलाला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती. 'आण्णा' हे तिनंच काढलेलं. ती बाजूला शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली.

"आण्णा, मामंजी आन् तू येकच का रं?"

"कागदावर तसंच दिसतंय, आई."

"मग गूळ चोरलास तवा म्या धपाटं कुनाला घातलं? मामंजींस्नी?"

माझे धाकटे चुलते पलटणीतून रजेवर आले होते. ते खांबाला धरून हसायला लागले. "आई, कोर्टमार्शल हुतंय आता तुझं! सासऱ्यावर हात टाकलास!"

आण्णा हसले नाहीत. त्यांनी वहीत स्वतःच्या नावापुढे 'अपवाद' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि हेळव्याला म्हणाले, "हं, पुढं."

पुराव्यानं काम होणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मार्चात विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा झाली. पेपरात मी पुस्तकातल्या सनावळ्या लिहिल्या, सगळे राजे जागेवर ठेवून, खोडलेलेसुद्धा. घरी आले तर आण्णा दारात.

"माझ्या सनावळ्या लिहिल्यास?"

"लिहिल्या."

त्यांच्या डोळ्यांत बघून मी एवढं सरळ खोटं पहिल्यांदाच बोलले. ते लगेच पटतं, हेही पहिल्यांदाच कळलं.

आता मला भीती एवढीच, की इतिहासात कमी गुण पडले तर ते म्हणतील, परीक्षक अडाणी, मग असल्यांच्या कॉलेजात जायचं कशाला. निकाल लागला तो उलटा. इतिहासात मला सगळ्यांत जास्त गुण. आण्णांनी मार्कांचा कागद तीनदा वाचला. मग कोर्टात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, की विद्यापीठानं आपली सनावळी मान्य केली. पेढा तोंडात असताना कुणी पुरावा मागत नाही. पुढे जन्मभर ते माझ्या गुणांचा दाखला देत राहिले. मी कधीच दुरुस्ती केली नाही, आणि त्याचं समर्थनही करत नाही.

जूनमध्ये ते मला स्वतः सांगलीला घेऊन गेले. कॉलेजात अर्ज घ्यायला इतिहासाचेच प्राध्यापक बसले होते. आण्णांनी त्यांना उभ्या उभ्या सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी माझे गुण पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे सगळं हिनं पेपरात लिहिलं?"

"शब्दन् शब्द!" आण्णा म्हणाले.

"मग हिनं इतिहासच घ्यावा. हिची उत्तरं मला वर्गात ऐकायची आहेत."

अर्जावर विषयाची जागा रिकामी होती आणि आण्णांच्या हातात पेन होतं. तिथं इतिहास लिहिला असता तर वर्गात एक आणि सुटीत घरी दुसरा, असे दोन इतिहास मला वर्षानुवर्षं सांभाळावे लागले असते.

"मी तर्कशास्त्र घेते," मी म्हणाले.

"का गं?" आण्णांचा चेहरा उतरला.

"इतिहासाचं काम तुम्ही संपवलंत की, आण्णा."

प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. आण्णांनी क्षणभर विचार केला. त्यांना ते पटलं. त्यांनी 'तर्कशास्त्र' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.