देवलापारच्या दगडाचा दुसरा तुकडा

नामदेव निनावे गेला, ही बातमी आली तेव्हा मी थाप मारत होतो. सीताबर्डीच्या टपरीवर चारजण चहा घेऊन बसले होते आणि रामटेकच्या जंगलात वाघानं माझा डबा कसा खाल्ला, खाऊन तो ओढ्यात धुतला आणि झाकण लावून परत कसा आणून ठेवला, हे मी रंगवून सांगत होतो. तेवढ्यात कॉलेजचा शिपाई सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "सर, निनावे सर गेले." मी त्याच तारेत म्हणालो, "कुठं गेले गा? सांगून तं जायचं!" चौघंही हसले. शिपाई हसला नाही... दीड महिना झाला, ते हसू अजून माझ्या कानातून जात नाही.

नामदेव विणकराच्या घरचा, गोळीबार चौकाजवळचा. बाप, काका, आजा, सगळे मागावर. हा एकटा शिकून आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. मी त्याच कॉलेजात भूशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे खरं तर दगडांच्या कपाटांचा राखणदार. नामदेव माणूस इतका बारीक नजरेचा, की इतवारीत उभा राहून रामटेकच्या कळसावर बसलेला कावळा म्हातारा की तरणा ते सांगेल, असं मी पोरांना सांगायचो. हे खोटं. पण लुगड्याच्या काठात एक धागा चुकला तर तो हातभर अंतरावरून दाखवायचा, हे खरं. माझ्या सांगण्यातलं खरंखोटं निवडायची सवय फक्त त्यालाच होती. "यातून बारा आणे काढून टाका," तो लोकांना सांगे, "उरलेले चार आणे देवरावचे."

त्याला एकच वेड, रामन वर्णपट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि यातून काही काढून टाकू नका. एखाद्या वस्तूवर एकाच रंगाचा झोत टाकला, की परतणारा प्रकाश जवळजवळ सगळा त्याच रंगाचा असतो. त्यातला अगदी कणभर तेवढा रंग बदलून येतो. किती बदलला त्यावरून ती वस्तू कशाची ते कळतं. प्रत्येक खनिजाच्या आलेखाची शिखरं कागदावर आपापल्या ठरलेल्या जागी उमटतात. हा कणभर प्रकाश पकडायला नामदेवनं आधी पाऱ्याचा दिवा आणि फोटोच्या काचा वापरल्या. एकेका काचेला तीन-तीन दिवस लागत. पुढे कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेनं टाकून दिलेला लेसर त्यानं आणून दुरुस्त केला. प्रकाश मोजणारी नळी थंड ठेवायची म्हणून मे महिन्यात कॉटन मार्केटकडून सायकलवर बर्फाची लादी आणायचा. "निघताना लादी असते, पोचेस्तोवर पेढा होते," मी म्हणायचो. तो ओल्या हातांनी यंत्र झाकत म्हणायचा, "पेढ्यावर बी काम होते गा. तू दगड आण."

दगड मी आणला. देवलापारच्या पलीकडे एका टेकडीवर सापडला. करड्या दगडात केसाएवढ्या काळ्या रेघा, एकीला लागून एक, मधेच वर उचललेल्या, पुन्हा खाली आलेल्या. तिथंच हातोड्यानं त्याचे दोन तुकडे केले. धाकटा नामदेवला दिला. थोरला, एक दिवस आमच्या कपाटात माझ्या नावाच्या चिठ्ठीसह मांडीन म्हणून, कागदात गुंडाळून घरी ट्रंकेत ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही. नामदेवनं धाकटा तुकडा खिडकीशी धरला आणि एकेक रेघ नखानं मोजत गेला. मग म्हणाला, "हा काठ आहे, देवराव. कोणीतरी विणला."

"कोणं?"

"तेच तं पाहाचं आहे."

काळा रंग मँगेनीजचा असेल तर गोष्ट तिथंच संपली. आमच्याकडे मँगेनीजला काय तोटा! पण कार्बन असेल, तर कधीकाळी तिथल्या समुद्राच्या तळाशी शेवाळासारखं काहीतरी थरावर थर देत जगलं, असं म्हणायला जागा होती. माणूस नव्हता, मासा नव्हता, गवताची काडी नव्हती, त्या वेळचं जगणं.

आता माझी गोष्ट. आमच्या कपाटांची तपासणी असली किंवा कोणी पाहुणा यायचा असला, की आदल्या दिवशी मी दगडांना जवसाचं तेल चोळायचो. हे मला माझ्या आधीच्या राखणदारानं शिकवलं होतं. क्रिकेटच्या बॅटला लावायला घरी बाटली असायचीच. तेलानं रेघा उठून दिसतात, आणि वाळलं की त्याची अशी साय धरते की पाण्यानंही जात नाही. नामदेवला तुकडा देण्याच्या आदल्या दिवशी मी तो कापून गुळगुळीत केला आणि सवयीनं... सवयीनं नाही. त्याचे डोळे दिपावेत म्हणून तेल चोळलं. खिडकीशी तो जो काठ नखानं मोजत होता, त्याची अर्धी चमक माझ्या बाटलीतली होती.

दगडातून सुरुवातीला नुसतीच प्रखर चकाकी यायची, तिच्यात शिखरं बुडून जायची. ती विझावी म्हणून नामदेवनं लेसर दिवसचे दिवस एकाच जागी रोखून धरला. चकाकी विझली आणि कागदावर दोन शिखरं उमटली. कार्बनची! त्या दिवशी त्यानं सगळ्या कॉलेजात संत्रा बर्फी वाटली. आईला टांग्यात घालून प्रयोगशाळेत आणलं, कागद तिच्या हातात दिला. म्हातारी म्हणाली, "धागा जाडा निंगाला रे, नाम्या." सगळे हसले. त्यानं लेख छापला, त्यावर परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं ते नेमकं तेच सांगत होतं. ज्या भागातला खडक जमिनीच्या पोटात एवढा भाजून निघाला आहे, तिथला जुना कार्बन असेल तर शिखरं बारीक, टोकदार यायला हवीत. ही पसरट आहेत. हा कार्बन ताजा दिसतो, तुकडा पाठवा. त्यानं पाठवला. त्यांनी कुटून तपासला. अलीकडचं तेल मिसळलेलं आहे, लेसरखाली तेच जळून कार्बन झालं असेल, आता काहीच सांगता येत नाही, असं कळवलं. तोवर ती टेकडी गिट्टीसाठी फोडून रस्त्याखाली गेली होती.

नामदेवनं लेख मागे घेतला आणि तेल शोधायला लागला. आधी प्रयोगशाळेतल्या तेलाच्या पंपावर संशय, मग कापायच्या यंत्रावर, शेवटी स्वतःवर. डोक्याला तेल लावणं बंद. दगडाला हात लावण्याआधी धुण्याच्या सोड्यानं तीनदा हात धुवायचा. बोटांना भेगा पडल्या, त्यातून रक्त यायचं. वहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही तं सांगा त्याइले. कोणाचं ऐकत नाहीत." मी त्यांना एक विनोद सांगून घरी यायचो. घरी ट्रंकेत थोरला तुकडा होता, तेलाचा थेंब न लागलेला. तो दिला असता तर खरं काय ते कळलं असतं... आणि माझंही कळलं असतं.

एकदा त्यानं विचारलं. थेट विचारलं. भेगाळलेले हात मांडीवर ठेवून म्हणाला, "देवराव, दगडाले तू तं काही लावलं नव्हतं ना गा?"

मी हसलो. म्हटलं, "लावलं होतं ना, शेंदूर! नारळही फोडला!"

तोही हसला. "सगळ्या जगाले थापा मारतं तू. पण दगडाच्या बाबतीत नाही मारत. माह्याच हातची खोट आहे." त्यानंतर त्यानं यंत्रावर चादर टाकली ती काढली नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना लोलक दाखवत राहिला, आणि एका दुपारी जेवून उठताना खाली बसला तो उठला नाही.

वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. तेरवीला तोंडानं सांगायला गेलो होतो, पण त्यांच्यासमोर बसलो आणि वाघाच्या डब्याची गोष्ट सांगून आलो. म्हणून हे लिहिलं. लोक म्हणतील, थोरला तुकडा कुठंतरी पाठव, अजून वेळ गेलेली नाही. कोणासाठी पाठवू? आत जीव निघाला तर तो नामदेवचा होता आणि मी तो ट्रंकेत दाबून ठेवला. नुसतं मँगेनीज निघालं, तर ज्या माणसानं आपल्या हातांची सालं काढली त्याला तेवढंही कोणी सांगितलं नाही. दोन्हीकडून उत्तर घ्यायला तोच नाही.

मोरीत सोडा आणून ठेवला आहे. रोज सकाळी तीनदा हात धुतो, पुसतो आणि ट्रंकेपाशी जाऊन बसतो. झाकण उघडतो. कागदात गुंडाळलेला तो तसाच आहे. हात स्वच्छ आहेत, अगदी कोरडे आहेत. तरी त्याला लावायची हिंमत होत नाही.