हिराभाऊंना बाकावर कोणी बसवलं?

मी आजतागायत बास्केटबॉलला हात लावलेला नाही, तरी त्याच बास्केटबॉलपायी माझी सासुरवाडी तुटता तुटता वाचली.

आता तुम्ही म्हणाल, हात न लावता हे कसं काय? सांगतो. आधी जरा टेकू द्या. हल्ली काहीही सांगायचं म्हटलं की मला आधी टेकावं लागतं, आणि त्यालाही कारण हेच आहे.

जव्हारला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. दिवसभर लोकांचे दाखले काढून संध्याकाळी माझा पार चोथा होतो. आमची पूजा कॉलेजात आहे आणि कॉलेजच्या संघातून खरंखुरं बास्केटबॉल खेळते. (हा गुण तिने कोणाचा घेतला देव जाणे. माझा नाही, एवढं नक्की.) तिने एक दिवस दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकला. या गेमची गंमत अशी, की त्यात आपण खेळायचंच नसतं! खेळाडूंची नावं भरायची. प्रत्येकाची उंची किती ते लिहायचं, नेम किती, वेग किती, दम किती याला शंभरपैकी गुण द्यायचे. पाच जण मैदानात उतरवायचे, उरलेले बाकावर बसवायचे आणि बटण दाबायचं. अख्खी लीग कॉम्प्युटर आपला आपण खेळतो आणि निकाल सांगतो.

मला गहिवरून आलं. जन्मभर मी अशाच खेळाच्या शोधात होतो.

पूजा त्यात अमेरिकेतले संघ घेऊन बसायची. रोज सकाळी खरा संघ मोबाईलवर बघायची आणि गेममधल्या संघाशी ताडून पाहायची. "बघा ना बाबा! हा खऱ्या संघात पहिल्या पाचात असतो, आणि यांनी त्याला बाकावर टाकलाय. काही अक्कल आहे का यांना?"

"नाही गं बाई," मी म्हणायचो. मला त्यातलं एकही नाव ओळखीचं नव्हतं. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, वीज होती (असा योग आमच्याकडे क्वचित येतो), आणि माझ्या मनात आलं की ओळखीचीच माणसं घेतली तर?

झालं! दुर्बुद्धी सुचली ती अशी.

दोन संघ केले. जव्हार म्हणजे आम्ही. मी, माझे दोन चुलतभाऊ, शेजारचा चहावाला आणि समोरचा शिंपी. मोखाडा म्हणजे माझी सासुरवाडी. गुण देताना मी अगदी न्यायाने वागलो. स्वतःला सत्त्याण्णव दिले. शंभर दिले असते, पण ते बरं दिसत नाही.

सासरच्यांचं मात्र जपून करावं लागलं. माझे सासरे, आप्पा, उंचीने माझ्या खांद्याला लागतात. पण सासऱ्याची उंची जावयाने कमी लिहायची म्हणजे काय? त्यांना साडेसहा फूट केलं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, दम नव्वद. त्यांचे तिघे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, त्यांनाही वयाप्रमाणे ओळीने घेतलं. पाचवे गावचे पोलीस पाटील, कारण आमचं लग्न त्यांनी जमवलं होतं. झाले पाच.

सहावे उरले हिराभाऊ. हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. खरं सांगायचं तर त्या अख्ख्या खानदानात पळता येतं ते एवढ्याच माणसाला. कबड्डीत अजून जवान पोरांना फरफटत रेषेवर आणतात. पण बाप आणि तीन काके हयात असताना मुलाचं नाव वर कसं घालणार? पंगतीला आपण हेच करतो ना? थोर माणसं पहिल्या पंगतीला, हिराभाऊ वाढायला. म्हणून मी त्यांना मानाने बाकावर बसवलं.

बटण दाबलं. आप्पांनी उड्या मारून मारून वरून बॉल टाकले, काके विजेसारखे धावले, तरी जव्हारनेच लीग मारली. (सत्त्याण्णव म्हणजे काय थट्टा आहे?) मी खूश होऊन दोन्ही संघांची यादी आणि निकाल सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "हलके घ्या."

कोणीही हलकं घेतलं नाही. घटकाभराने फोन आला.

"दाजी, मी हिरा बोलतो. माझा नाव खाली कसा काय?"

"खाली नाही हो हिराभाऊ, राखीव."

"राखीव म्हंजे?"

"म्हणजे... बाकावर बसायचं."

"कवर?"

"मैदानातलं कोणी दमलं की तुम्ही उठायचं."

"मंग कोण दमला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "कोणीच नाही. सगळ्यांना मी निदान नव्वद तरी दम दिलाय ना."

"म्हंजे पंचाहत्तर वर्साचा माझा बाप धावतोय, आन् मी अख्खी लीग बाकावर बसून बघतोय?"

"कॉम्प्युटरात हो, हिराभाऊ!"

"बोहाड्याला आमच्या घरचा सोंग कोण नाचवतो, दाजी?"

"तुम्ही."

"बाकावर बसून नाचवतो काय?"

आता बोहाडा म्हणजे आमच्या भागातला देवीचा उत्सव. लाकडी मुखवटे लावून सोंगं नाचतात. ज्या घराचं सोंग त्याच घराने नाचवायचं, हा मान पिढ्यान् पिढ्यांचा. तिथे माणसाला मागे सरक म्हणायची सोय नाही. आणि मी हिराभाऊंना थेट बाकावर बसवलेलं!

"ठीक हाय," हिराभाऊ म्हणाले. "यंदा सुमीला न्यायला येत नाय मी." आणि फोन ठेवला.

सुमी म्हणजे सुमन, माझी बायको. दरवर्षी बोहाड्याला तिचा भाऊ येतो, तिला माहेरी घेऊन जातो. वर्षात एवढीच तिची हक्काची सुट्टी. भाऊ न्यायला आल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही, ही तिची रीत. पिशवी तर तिने आठ दिवस आधीच भरून ठेवलेली.

"तुम्ही माझ्या भावाला बाकावर बसवलंत?"

"अगं, कॉम्प्युटरात."

"कॉम्प्युटर कोणाचा?"

"आपला."

"मग आपणच बसवलंत ना?"

यावर तुमच्याकडे उत्तर असलं तर मला कळवा.

मला खरंच वाईट वाटलं. ती पिशवी दाराशी तशीच उभी, आणि सुमन जातायेता तिच्याकडे बघायची.

मी चूक सुधारायला बसलो. हिराभाऊंना पाचात घेतलं, तर एक काका बाहेर गेले. त्यांचा फोन आला, "जावईबापू, आमचा काही चुकला का?" काकांना परत आत घेतलं, पोलीस पाटलांना काढलं. त्यांनी फोन केला नाही, ते थेट दुकानातच आले. चहा प्यायले, माझ्याकडे बघत बसले आणि गेले. शेवटी वैतागून मी मोखाड्याच्या सगळ्यांनाच नव्याण्णव करून टाकलं. मोखाडा असा जिंकला की आमचा चहावाला संतापला. "शेठ, सासरवाडीला विकले गेलात! उद्यापासून चहा रोखीने." मी आधीपासूनच रोखीने घेत होतो, पण शब्द लागतोच.

पुन्हा हिराभाऊंचा फोन. "दाजी, कॉम्प्युटर ऱ्हाऊ द्या. रविवारी मोखाड्याला आश्रमशाळेच्या मैदानात या. पाच तुमचे, पाच आमचे. तुम्ही सोता उतरा. उतरलात तर तिथूनच सुमीला घरी नेतो."

"आणि नाही उतरलो तर?"

"तर तुम्ही बी बाकावर, तुमची बायको बी बाकावर."

सुमनने तिकडून ऐकलं आणि आत जाऊन पिशवीत अजून एक लुगडं घातलं. म्हणजे मी उतरणार हे ठरलं.

पूजाने मला तयार करायचं मनावर घेतलं. "बाबा, रोज पहाटे गावाबाहेरच्या शिरपामाळपर्यंत चालत जायचं." पहिल्या दिवशी मी चालत गेलो, तिथे बसलो, हवा खाल्ली आणि रिक्षाने परत आलो. दुसऱ्या दिवशी माझं अंग असं मोडून आलं की आराम हाच सराव मानून मी तो मन लावून केला.

"बाबा, दम सत्त्याण्णव तुम्ही कशावरून लिहिलात?"

"अंदाजे."

"तुम्ही दुकानाचं शटर ओढलं की खाली बसता!"

"बसतो, पण ओढतो ना?"

रविवार उजाडला. जीपने आम्ही मोखाड्याला पोचलो. सुमन पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला बसली. कोण जिंकतं याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. पंच म्हणून पूजा, गळ्यात शिट्टी. आणि समोरून मोखाड्याचा संघ आला.

मी बघतच राहिलो. पुढे आप्पा, पांढरी टोपी, धोतर, हातात काठी. मागे तिघे काके, इस्त्रीचे सदरे घालून. त्यांच्यामागे पोलीस पाटील. यादी सगळ्यांनी वाचली होती! जावयाने पहिल्या पाचात घातलंय म्हटल्यावर कोण घरी राहतो? आणि सगळ्यांत शेवटी, हाफ पॅन्ट घालून, मांड्यांवर थाप मारत आलेले हिराभाऊ. सहावे.

हिराभाऊंनी मला बाजूला घेतलं. "दाजी, तुम्ही आप्पांना जरा बसा म्हणून सांगा ना."

"मी? जावई माणूस! तुम्ही मुलगा आहात, तुम्ही सांगा."

"बापाला कसा सांगू?"

"मग काकांपैकी एकाला?"

"काकांना सांगू? बोहाडा तोंडावर आलाय, रुसले तर?"

मग मी म्हटलं, "हिराभाऊ, मी तरी दुसरं काय केलं होतं?"

हिराभाऊंनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि तो पहाडासारखा माणूस मुकाट्याने जाऊन बाकावर बसला. स्वतःच्या पायांनी! मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. सुमनही तोंडाला पदर लावून हसत होती. खरं तर सगळ्यांनी तिथेच चहा पिऊन घरी जायला हरकत नव्हती.

पण पूजा म्हणाली, "कप्तान मधे या."

खेळाची सुरुवात अशी, की दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, पंच बॉल वर उडवतो आणि दोघांनी उडी मारायची. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने आप्पा. त्यांनी काठी पाटलांकडे दिली. आता सासरे समोर उभे, सगळी सोयरीक बघतेय, आणि मी नमस्कार न करता त्यांच्यासमोर उडी मारू? मी पाया पडायला वाकलो.

तेवढ्यात शिट्टी वाजली, बॉल वर गेला आणि माझ्या कमरेत उसण भरली.

"असू दे, असू दे," आप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "सुखी ऱ्हावा. उठा आता."

"उठता येत नाही, आप्पा."

"किती मान देशील रं बाबा? उठ!"

"आप्पा, कंबर!"

बॉल कुठे गेला ते मला दिसलं नाही. मला फक्त आप्पांचे पाय दिसत होते.

मला तसाच, जसा वाकलो होतो तसा, चौघांनी उचलून हिराभाऊंच्या शेजारी बाकावर आणून आडवा केला. जव्हारकडे सहावा माणूस नव्हता, म्हणून हिराभाऊ माझ्या जागी आमच्याकडून उतरले. बॉल आप्पांच्या हाती लागला. तो त्यांच्याकडून हिसकावून कोण घेणार? चहावाला बाजूला झाला, शिंप्याने वाट दिली. पूजाने नातीचा धर्म पाळून शिट्टी खिशात घातली. आप्पा बॉल काखेत धरून रमत गमत रिंगखाली पोचले. "ह्यो आत टाकायचा ना?" त्यांनी वर बघत विचारलं. हिराभाऊंनी, म्हणजे आमच्याच खेळाडूने, बापाला खांद्यावर उचललं आणि आप्पांनी बॉल आत सोडला. सगळं मैदान हसून हसून बेजार झालं. मी सोडून, कारण हसलं की कळ येत होती.

खेळ तिथेच संपला. घाटाच्या वळणांतून जीपने जव्हारला जाणं मला शक्यच नव्हतं. हिराभाऊंनी एका हातात सुमनची पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने मला धरलं आणि घरी नेलं. ओटीवरच्या लाकडी बाकड्यावर माझी सोय झाली. अख्खा बोहाडा मी तिथूनच ऐकला. सासूबाई मोहाच्या बियांचं तेल चोळायच्या, नागलीची भाकर हातात यायची. सुमन मैत्रिणींबरोबर हुंदडत होती. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ओटीवरून जाणारा प्रत्येक जण मात्र थांबून विचारायचा, "काय दाजी, राखीव का?" हिराभाऊ तर सोंग नाचवून घामाघूम होऊन येताना मुद्दाम विचारायचे, "कोणी दमलं तर उठाल ना?"

पूजा दुकान सांभाळायला जव्हारला परत गेली होती. एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, मी गेममध्ये सगळ्यांचे खरे गुण भरले. आप्पांची उंचीसुद्धा. कोण खरा पहिल्या पाचातला आणि कोण बाकावरचा, ते आता नीट जुळवलंय."

"बरं केलंस. जव्हार जिंकलं का?"

"तुम्ही मैदानात असलात की हरतं. तुम्हाला बाकावर बसवलं की जिंकतं."

"एखाद्या वेळी होतं गं तसं."

"दर वेळी, बाबा. पुन्हा पुन्हा चालवून बघितलं."

मी फोन ठेवला. खरं म्हणजे त्या दिवशी सकाळपासून कंबर जरा बरी वाटत होती आणि मी उठायचा विचार करत होतो. पण मी सुमनला हाक मारली, पाठीखाली अजून एक उशी मागितली आणि परत आडवा झालो. संघासाठी माणसाने एवढं तरी करायलाच हवं!