भिंतीबाहेरचा देवाप्पा

देवाप्पा तळ्यात बुडून गेला तेव्हा त्याच्या बायकोला, तानूबाईला, धड रडायलाही मिळालं नाही. आत प्रेत होतं, आणि बाहेर अंगणात त्याला कुठं पुरायचं यावर पंचांची बोलणी चालली होती.

हे चोपन्न सालचं बेंगळूर. दंडूत, म्हणजे गावाच्या छावणीकडच्या अंगाला, मराठी ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी होती. निपाणी-चिकोडीकडून फार पूर्वी आलेले माळी, आचारी, शिंपी, आणि अलीकडे पुण्या-नगराकडून कारखान्यांत नोकरीला आलेली चार शिकलेली घरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे. बाकीचा सगळा कारभार विश्वासरावांच्या हाती. ते मंडळीचे वडील होते. वयानं नव्हे, मानानं. इस्त्रीचा सदरा, खिशात शास्त्र म्हणजे बायबल, आणि कुठल्याही प्रसंगी नेमकं वचन तोंडावर.

देवाप्पा एका गोऱ्या साहेबाकडं माळी होता. साहेब विलायतेला परत गेला, बंगला दुसऱ्यानं घेतला आणि देवाप्पाचं काम सुटलं. मग तो पहाटे तळ्यात उतरून कमळं काढायचा आणि पेटेतल्या, म्हणजे जुन्या गावातल्या, फुलबाजारात नेऊन विकायचा. ती कमळं देवळांत जातात, म्हणून विश्वासरावांनी त्याला उपासनेनंतर सगळ्यांसमोर उभं करून खडसावलं होतं. त्या दिवसापासून माणूस मिटल्यासारखा झाला. जेवता जेवता त्याचा हात ताटातच थांबायचा. आणि एका सकाळी तो कमळांच्या देठांत गुरफटलेला सापडला.

विश्वासरावांनी पंचांना सांगितलं की देवाप्पाच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आपला जीव आपण घेणाऱ्याला मंडळीच्या जमिनीत जागा देता येणार नाही. मग त्यांनी खिशातलं शास्त्र काढून प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाची गोष्ट उघडली आणि वाचलं, की त्याचं घर ओसाड पडो, त्याचा हुद्दा दुसऱ्याला मिळो. त्यापुढं कोण काय बोलणार?

दफनभूमी महादेवपुऱ्याच्या वाटेवर, रागीच्या शेतांना लागून होती. तिच्या भिंतीच्या बाहेर, लोक पालापाचोळा टाकत तिथं, देवाप्पाला मातीआड केलं. प्रार्थना नाही, गीत नाही. तानूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं तिथंच मनाशी ठरवलं, की ह्या माणसाला असाच एक दिवस बाहेर उभा केल्याशिवाय आपण मरायचं नाही.

तिला सगळ्यात जास्त काय जाळत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. देवाप्पा पाय अडकून बुडाला, की मुद्दाम खोल पाण्यात गेला, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. कधी वाटायचं, असं कसं करील तो? कधी ताटात थांबलेला हात आठवायचा. विश्वासरावांचं म्हणणं खरं असेल ह्या भीतीनं तिचा राग दुप्पट व्हायचा.

तिनं उपासना सोडली नाही. उलट दर रविवारी ती बायकांच्या पहिल्या रांगेत, विश्वासरावांच्या अगदी नजरेसमोर येऊन बसायची आणि शेवटपर्यंत त्यांच्यावरून डोळे हलवायची नाही. प्रभुभोजनाचा पेला त्यांच्या हातून आला की तोंड फिरवायची. घरी निजण्याआधी प्रार्थना म्हणून एक स्तोत्र म्हणायची. त्यात कुणी गांजलेला माणूस देवाकडं आपल्या वैऱ्याचं वाटोळं मागतो. तानूबाई वैऱ्याच्या जागी विश्वासरावांचं नाव घालायची, आणि मग तिला झोप लागायची.

पोटासाठी ती ठकुअक्कांकडं काम करू लागली. ठकुअक्का मिशनच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. डोळे गेले होते, जवळ माणूस नव्हतं. स्वयंपाक करायचा आणि दुपारी शास्त्र वाचून दाखवायचं, असं काम ठरलं. तानूबाई अडखळत वाचायची, पण वाचायची. पहिल्याच दुपारी तिनं आपलं शापाचं स्तोत्र काढलं.

ठकुअक्कांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, की ह्यातलं हुद्द्याचं वाक्य पूर्वी कुठं ऐकलंस का? तानूबाईला आठवेना. तेव्हा ठकुअक्का म्हणाल्या, "देवाप्पाच्या मढ्यावर विश्वासरावांनी वाचलं ते हेच. प्रेषितांनी ते ह्या स्तोत्रातूनच घेतलंय. त्यानं ते तुझ्या नवऱ्यावर टाकलं, तू रोज रात्री त्याच्यावर टाकतेस. एकच धोंडा आहे, तानू."

तानूबाईच्या हातून पुस्तक निसटलं. रागानं तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिनं विचारलं, की मग त्यांच्यावर टाकायला ह्याहून मोठा धोंडा आत कुठं आहे?

"ते तुझं तू शोध," ठकुअक्का म्हणाल्या. "पण पहिल्या पानापासून. मधलं काही गाळायचं नाही."

तानूबाईनं ते मान्य केलं, भक्तीनं नव्हे. हत्यार शोधायला निघालेल्या माणसाच्या चिकाटीनं ती वाचायला बसली.

आणि वाचता वाचता तिचं लक्ष भलतीकडंच लागलं. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात येणार नाही ते तिच्या येऊ लागलं, की मेलेल्या माणसाला कुठं ठेवलं. काइनानं भावाला शेतात मारलं, तर त्याचं रक्त जमिनीतून ओरडलं. अब्राहामाला देवानं सगळा देश देऊ केला होता, पण त्याच्या हाती आलेली पहिली जमीन म्हणजे बायकोला पुरायला घेतलेली गुहा. योसेफानं मरताना भावांकडून शपथ घेतली, की माझी हाडं इथं मिसरात सोडू नका. पुढं त्याचे लोक मिसरातून निघाले, रान आलं, उपासमार आली, भांडणं आली, मोशे गेला, आणि ती हाडं त्यांच्याबरोबर चालतच राहिली. किती पानांनंतर ती आपल्या मुलखात, शखेमात, पुरली गेली, तेव्हा तानूबाईनं वाचन थांबवून डोळे पुसले. "पोचली म्हणायची," ती म्हणाली. एवढ्या जाड पुस्तकात सुट्या गोष्टी नाहीत, एका घरातलं उष्टं-खरकटं दुसऱ्या घरात निस्तरावं लागतंय, हे तिला हळूहळू कळत गेलं.

मग शौल राजा आला. लढाई हरल्यावर तो आपल्याच तलवारीवर पडला. तानूबाईनं ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. शत्रूंनी त्याचं धड गावकुसावर टांगलं, आणि याबेशचे लोक रातोरात चालत गेले, ते काढून आणलं, झाडाखाली पुरलं, सात दिवस उपास केला. तो कसा मेला हे त्यांनी विचारलंच नाही. कधीकाळी त्यानं त्यांचं गाव वाचवलं होतं, तेवढं त्यांनी ध्यानात ठेवलं.

धोंडा सापडला. पुढच्या रविवारी उपासना सुटताच तानूबाई उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तिनं विश्वासरावांना शौलाबद्दल विचारलं. विश्वासराव शांतपणे हसले. शौल जुन्या करारातला, देवानं टाकून दिलेला राजा, असं सांगून त्यांनी एकामागून एक चार वचनं म्हणून दाखवली. लोक घरी जायच्या घाईत होते. कुणीतरी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

ती तणतणत ठकुअक्कांकडं आली. ठकुअक्कांनी तिला चहा करायला लावला आणि म्हणाल्या, की त्यानं एक तुकडा तोडला, तू दुसरा तोडलास. तुकड्यांच्या मारामारीत ज्याचं तोंड चालतं तोच जिंकायचा. शौलाची गोष्ट संपली आहे का?

संपली नव्हती. पुढं दाविदाच्या राज्यात दुष्काळ पडला. शौलानं गिबोनकरांची कत्तल केली होती, त्याचा सूड राहिला होता. शौल तर मेलेला. मग गिबोनकरांनी त्याचे मुलगे-नातू मागून घेतले आणि फासावर दिले. त्यांतल्या दोघांची आई रिस्पा. तिनं खडकावर गोणपाट अंथरलं आणि कापणीपासून पाऊस पडेपर्यंत ती त्या प्रेतांवरची पाखरं आणि जनावरं हाकत बसली. ते दाविदाच्या कानावर गेलं, तेव्हा कुठं त्यानं त्या पोरांची आणि शौलाचीही हाडं गोळा करून त्याच्या बापाच्या थडग्यात नेली.

त्या दिवसापासून तानूबाई मनातल्या मनात स्वतःला रिस्पा म्हणू लागली. रविवारी दफनभूमीच्या भिंतीबाहेर जाऊन पालापाचोळा झाडायची, कुत्री हाकायची, आणि येणारा-जाणारा बघतोय ना, ते बघायची. राग तसाच होता, आता त्याला नाव मिळालं होतं.

अशी काही वर्षं गेली. मग एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात विश्वासरावांची सून प्रेमा परसातल्या विहिरीत पडून गेली.

मंडळीतल्या बायकांना अखेरची आंघोळ घालायचं काम तानूबाईकडं असायचं. तिनं प्रेमालाही न्हाऊ घातलं, केस विंचरले, पांढरं पातळ नेसवलं. घरच्यांनी सांगितलं की पाणी शेंदताना पाय घसरला. पण अंगणात कुजबूज सुरू झाली होती. पोरीला मूल नव्हतं, घरात दिवसरात्र बोलणी बसायची, हे सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी पंच बसणार होते, आणि नियम तर विश्वासरावांनीच घालून दिलेला.

तानूबाईला कुजबुजीपेक्षा जास्त ठाऊक होतं. प्रेमा लपतछपत तिच्याकडं यायची आणि चुलीपाशी बसून रडायची. शेवटच्या वेळी काय म्हणाली, ते फक्त तानूबाईनं ऐकलं होतं. कुजबूज होतीच, पंचांसमोर तेवढं सांगितलं की काम झालं. विश्वासरावांच्या घरचं प्रेत भिंतीबाहेर जाणार, त्यांच्याच नियमानं, सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत. सात वर्षं जे मागितलं ते पदरात पडलं होतं. गुळाचा खडा जिभेवर ठेवावा तसं तिला वाटलं.

तिनं चादर सारखी करायला हात पुढं केला, आणि प्रेमाच्या तोंडाकडं बघताना तो गोडवा घशातच राहिला. शौलाचा सूड कुणावर निघाला? शौलावर नाही. इतकी वर्षं आपण स्वतःला रिस्पा म्हणत आलो, आणि आज गिबोनकरांच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याचं पोर मागतोय. ही पोर भिंतीबाहेर पडली, तर तिच्यावरची पाखरं कोण हाकणार?

तेवढ्यात विश्वासराव दारात आले. एरवी तिला एकेरी हाक मारणारा माणूस आज म्हणाला, "तानूबाई, पंच तुम्हाला विचारतील. तिचा पाय घसरला."

"तुम्ही बघितलंसा?"

ते मानेनंच नाही म्हणाले.

"देवाप्पाला तरी बघितलं होतंसा?"

"नव्हतं," ते म्हणाले.

"मग तेवढंच बोला, सगळ्यांच्या म्होरं. आधी देवाप्पाचं नाव घ्यायचं, मागनं पोरीचं. मग मला कुणी काय बी विचारू दे, माझ्या तोंडातनं शबुद निघायचा न्हाई."

संध्याकाळी पंच आणि मंडळी जमल्यावर विश्वासराव उभे राहिले आणि पुटपुटले, की देवाप्पाचं मरण मी पाहिलं नव्हतं, त्याच्या मनातलं मला ठाऊक नव्हतं. तानूबाई पहिल्या रांगेत होती.

"ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. शेवटी आवाज फुटला. तिनं मान खाली घातली नाही, त्यांची लाज डोळे भरून पाहून घेतली. मग प्रेमाला भिंतीच्या आत, चांगल्या जागी, गीत म्हणून पुरलं. परतताना वाटेत विश्वासराव तिच्याजवळ आले. पोरगी तुमच्याकडं यायची, काय म्हणाली, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"म्हणाली ते माझ्यापाशी हाय," तानूबाई म्हणाली. "तुम्हांस्नी सांगायची न्हाई."

हा तिचा खरा सूड. विश्वासरावांनी मंडळीचं वडीलपण सोडलं. दर काही महिन्यांनी ते तिच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि तेच विचारायचे. ती तांदूळ निवडत राहायची. ते निघून गेले की तिला बरं वाटायचं, आणि थोड्या वेळानं वाटायचं नाही.

पंचांनी देवाप्पाची कबर आत घेण्यासाठी भिंत पुढं सरकवायची तयारी दाखवली. तोवर वाचन नव्या करारातल्या शेवटच्या पत्रांपर्यंत आलं होतं. त्यात एके ठिकाणी असं आलं, की प्रभूनंही वेशीबाहेरच मरण सोसलं, तर आपणही छावणीबाहेर त्याच्याकडं जाऊ या. आपण इतकी वर्षं छावणीतच राहतो की, म्हणून ठकुअक्का हसल्या. तानूबाई हसली नाही. तिनं ते पान पुन्हा वाचलं. काइनाच्या भावाच्या रक्तापासून निघालेली ती सगळी हाडं, गुहा, थडगी कुठं चालली होती ते तिला तिथं दिसलं. दुसऱ्या दिवशी तिनं पंचांना निरोप पाठवला, की भिंत राहू द्या, देवाप्पा आहे तिथं बरा आहे. तो पाय अडकून बुडाला की मुद्दाम गेला, हा प्रश्न तिनं त्यानंतर स्वतःला विचारला नाही.

ठकुअक्का चौसष्ट साली गेल्या. आजारात त्या एकदाच त्या विषयावर बोलल्या.

"विश्वासरावाला अजून बाहेर उभं ठेवलंयस?"

"व्हय."

ठकुअक्कांना पोचवून आल्यावर पुढच्या आठवड्यात तानूबाई विश्वासरावांच्या घरी गेली. ते एकटेच व्हरांड्यात बसले होते, खूप थकलेले. ती पायरीवर बसली आणि तिनं सांगून टाकलं.

"पोरगी म्हणाली, ह्या घरात समदी मला वचनं ऐकवत्यात, तानूबाई. माझ्यासंगं कुणी बोलत न्हाई."

विश्वासरावांचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडं गेला आणि तसाच खाली आला. आणखी काही म्हणाली का, असं त्यांनी विचारलं. तानूबाई नाही म्हणाली. आपण ओझं उतरवायला आलो होतो की शेवटचा धोंडा मारायला, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं, आणि पुढंही कधी आलं नाही. तो म्हातारा रडत होता आणि ती उठून गेली नाही, एवढं मात्र खरं. अंधार पडेपर्यंत दोघं तिथं बसून होती. निघताना त्यांनी पाणी विचारलं, आणि त्या घरचं पाणी ती पहिल्यांदाच प्यायली.

नंतर मंडळीतल्या बायका तिला विचारायच्या, तानूबाई, राग गेला का गं सगळा? ती खोटं बोलायची नाही.

"हाय अजून," ती म्हणायची. "स्वल्प."