असाहेल लूमिसची साक्ष

असाहेल लूमिस पिंपं करायचा. आमच्या गावातली सफरचंदाची दारू, काकवी, खारवलेलं डुकराचं मांस, सगळं त्याच्याच पिंपांत भरलं जायचं आणि त्यातलं एकही कधी गळल्याचं मला आठवत नाही. मी त्याची स्तुती करायला बसलेय असं मात्र कुणी समजू नये. दोन वर्षं मला त्याचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं.

आमची घरं शेजारी शेजारी, मधे फक्त एक दगडी बांध. लहानपणी एकाच बाकावर बसून आम्ही चर्चची प्रश्नोत्तरं पाठ केली आणि चुकलो की एकाच छडीचा मार खाल्ला. तो चुकायचा कमी आणि वाद घालायचा जास्त, म्हणून मार त्यालाच अधिक बसला.

त्याची बायको लोइस पहिल्याच बाळंतपणात गेली. आपल्यावर देवाची कृपा झाली असं तिनं कधी चर्चपुढे उभं राहून सांगितलं नव्हतं. लाजाळू होती बिचारी. पण तसं सांगितल्याशिवाय आमच्याकडे कुणी उद्धरलेल्यांत मोजलं जात नाही, आणि पाद्रीसाहेबांनी कबरीपाशी तिच्याबद्दल काही आशा दिली नाही. मीही तिथं उभी होते. मला ते बोलणं कठोर वाटलं, पण चूक वाटलं नाही. त्यानंतर असाहेल आमच्या चर्चची पायरी चढला नाही. पुढे एका फिरत्या उपदेशकाच्या नादानं तो अशा लोकांत गेला, ज्यांच्या मते मेल्यावर नरक वगैरे काही नाही, देव शेवटी एकूणएक माणसाला जवळ घेतो.

गावाला आयताच विषय मिळाला. आमच्या चर्चचे कारभारी डीकन वॉडम्स एकदा भर रस्त्यात त्याला म्हणाले, "काय रे लूमिस, तुझ्या स्वर्गात घोडेचोरसुद्धा येणार म्हणे?"

"येतील की," असाहेल म्हणाला. "तुम्हीही याल, डीकन."

डीकन हे विसरले नाहीत. ते विसरणाऱ्यांतले नव्हतेच.

रविवारी प्रवास करायला आमच्याकडे बंदी होती, आणि करणाऱ्यांना अडवायचं काम गावानं डीकनवर सोपवलं होतं. मी तापानं फणफणले होते त्या रविवारी माझा मुलगा एनॉस गाडी घेऊन डॉक्टरकडे औषधाला निघाला. डीकननी त्याला चर्चसमोर अडवलं आणि सूर्य मावळेपर्यंत तिथंच उभं केलं. एनॉस तेवीस वर्षांचा, डोक्यानं गरम. दुसऱ्या दिवशी तो खानावळीत चारचौघांदेखत म्हणाला, "ह्याचं कोठार पेटेल तेव्हा मी शेकायला जाईन."

दहा दिवसांनी भर दुपारी डीकनचं कोठार खरोखरच जळालं, आणि एनॉसला पकडून नेलं.

कोठार पेटलं त्या वेळी एनॉस असाहेलच्या दुकानात होता. असाहेल पिंपावर कडं ठोकत होता आणि एनॉस ते धरून उभा होता. हे पाहणारा एकटा असाहेल. आमच्या कायद्यानं आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर बोलता येत नाही. म्हणजे माझ्या मुलाचं सगळं आयुष्य ह्या एका माणसाच्या जिभेवर येऊन थांबलं.

आमचा वकील नवा होता, पण प्रामाणिक होता. तो म्हणाला, "बाई, शपथ देण्याआधी समोरचा वकील त्यांना विचारणार, मेल्यावर देव शिक्षा करतो असं मानता का. नाही म्हणाले तर संपलं. ज्याला नरकाची भीती नाही त्याची शपथ कोर्ट धरत नाही."

"अहो, पण आत्ताच तर नवी राज्यघटना झाली. धर्मावरून कुणाचं अडणार नाही म्हणून घंटा वाजवल्या ना आपण?"

"ते प्रार्थना कुठं करायची एवढ्यापुरतं. साक्षीच्या पिंजऱ्याचं वेगळं आहे."

मी तशीच बांध ओलांडून दुकानात गेले. असाहेल फळ्या तासत होता.

"असाहेल, तुला एकदाच 'हो' म्हणायचंय."

"कशाला?"

"विचारतील त्याला. पुढचं सगळं तू खरंच सांगणार आहेस."

"खरं सांगायला आत जायचं आणि दारातच खोटं बोलायचं?"

"मला शिकवू नकोस. पोरगा माझा आहे."

त्यानं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "केझिया, त्याला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. मला काही वाटत नाही असं समजतेस?"

"मग म्हण की हो."

"मी न्यायाधीशांना समजावून सांगतो. खोटं बोलणाऱ्याला देव इथंच, ह्याच आयुष्यात शिक्षा देतो असं मी मानतो. पुरेल तेवढं. शहाणा माणूस आहे."

"आणि नाही पुरलं तर?"

त्यानं पुन्हा फळी तासायला घेतली. आपण मनापासून बोललो की ऐकणाऱ्याला पटतं, अशी त्याची समजूत होती. त्या समजुतीवर त्यानं माझा मुलगा पणाला लावला.

कोर्टात त्याला विचारलं आणि तो म्हणाला, "नाही, मेल्यावरची शिक्षा मी मानत नाही." पुढचं त्याला कुणी बोलू दिलं नाही. न्यायाधीश दुष्ट नव्हते, त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं. त्यांनी त्याला खाली उतरायला सांगितलं. तो कठडा धरून उभाच राहिला. "साहेब, पोरगा माझ्या दुकानात होता. माझ्यासमोर होता." हे ऐकलंच नाही असं समजा, असं ज्यूरीला सांगण्यात आलं. शेवटी शिपायानं त्याला दंडाला धरून उतरवलं.

नंतर सरकारी बाजूनं साक्षीला बिल्डॅड क्रेन उभा राहिला. ह्या बिल्डॅडनं एकच घोडा तीन गिऱ्हाइकांना विकलेला होता. पण नरकाला तो भीत होता. त्यानं हात वर करून शपथ घेतली, आणि एनॉस खानावळीत जे बोलला त्यात आणखी चार वाक्यं स्वतःची घातली.

सात वर्षं. आमच्या राज्यात तेव्हा कैद्यांना तांब्याच्या जुन्या खाणीत ठेवत. शिडीवरून खाली उतरवायचे, वरून झाकण लावायचे. खाली भिंतीतून पाणी झिरपत असे.

कोर्टाबाहेर असाहेल माझ्याकडे यायला लागला. मी म्हणाले, "झोप आता निवांत. तुझा आत्मा स्वच्छ राहिला." त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. दर महिन्याला तो बारा कोस चालत खाणीवर जायचा. पाव, चीज, लोकरीचे मोजे, जे नेऊ देतील ते एनॉसला देऊन यायचा. मला हे ठाऊक होतं. आभार मानावेत असं एकदाही वाटलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात एनॉसची छाती भरली आणि तो गेला. त्याला गाडीतून घरी आणलं. दफनाला येऊ नकोस असा मी असाहेलला निरोप धाडला होता, आणि तो आला नाही. एनॉसनंही कधी चर्चपुढे उभं राहून काही सांगितलेलं नव्हतं. पाद्रीसाहेब बायबल मिटून म्हणाले, की ज्याच्याविषयी आपल्याला आशा बाळगता येत नाही त्याच्याविषयी गप्प राहावं. डीकननी मान डोलावली. मी लहानपणापासून ज्यावर विश्वास ठेवत आले तेच हे होतं. फक्त आता नरकाच्या त्या आगीत माझा मुलगा होता.

लोक जेवायला घरी गेले. मी बांध ओलांडला. दुकानात भट्टी थंड होती आणि असाहेल बाकावर नुसता बसला होता.

"असाहेल, माझा एनॉस कुठं आहे?"

त्याला कळलं मी काय विचारतेय ते. "देवाजवळ आहे."

"माझं मन राखायला म्हणतोस?"



"केझिया," तो म्हणाला, "कुणाचं मन राखायला मला बोलता आलं असतं, तर तो आज जिवंत असता."

मी तिथंच खाली बसले. त्याच्याबद्दलचा माझा संताप तसूभर कमी झाला नव्हता, आजही झालेला नाही. पण सगळ्या गावात तेवढ्याच एका माणसाचा शब्द मला खरा धरता येत होता, आणि मी तो धरला.