जुळलेली कड

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई मेली. घरासमोरच्या सुतारकामाच्या दुकानात ती फरशीवर आडवी पडली होती, गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. मी हातातली भाजीची पिशवी तिथेच टाकून धावले, तर ती पडल्या पडल्याच म्हणाली, "बाई, जरा उजेडातून बाजूला व्हा ना." एका फळीची कड सरळ आहे की नाही, ते ती बघत होती.

ती आप्पा सुतारांची धाकटी सून. नवरा मालट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांना जायचा, आणि ही सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकली. कड डोळ्यांनी बघून झाली की ती खिशातून पांढरी दोरी काढायची आणि ताणून पुन्हा तपासायची. त्यामुळे गल्लीत तिचं नाव दोरी पडलं. तिला राग यायचा नाही. "बरंय, साखळी नाही म्हणत," असं म्हणून हसायची.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या वाचनालयाचं काम पाहू लागले, आणि तिथे एक लांब टेबल हवं होतं. आप्पांनी एक जाड, अखंड फळी कित्येक वर्षं भिंतीशी उभी करून ठेवली होती. कुणी मागितली की म्हणायचे, "तिची वेळ आली नाही." माझ्यासाठी ती वेळ आली. त्या दिवशी त्यांनी थोरल्या मुलासमोरच सुनेला सांगितलं, "हात थरथरतो माझा. ही फळी तू काप. नीट कापलीस की दुकानाची किल्ली तुझी."

थोरल्याला ते दुकान गाद्यांच्या व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "आणि नीट नाही कापली तर?"

"तर तू म्हणतोस तसं."

इतकी लांब फळी सरळ कापायची म्हणजे करवतीचं मशीन हाताने ढकलून चालत नाही. फळीवर ॲल्युमिनियमची लांब रेल ठेवतात. तिच्या पाठीवर एक उंच कणा असतो, त्यावर बसून मशीन सरळ धावतं. रेलच्या कडेला रबराची पट्टी असते. ती पहिल्यांदा त्याच मशीनने कापून घेतात. मग रबराची कड जिथे, तिथेच पातं चालणार, हे ठरलेलं. दुकानात दोन रेल होत्या. एक आप्पांची जुनी, त्यांच्या जुन्या मशीनबरोबरची, एका कंपनीची. दुसरी सुनेने घेतलेली, नव्या मशीनबरोबर आलेली, वेगळ्या कंपनीची. लांब काम आलं की ती दोन्ही रेल टोकाला टोक लावून जोडायची. आप्पा चिडवायचे, "दोन घरच्या सुना एका चुलीवर बसवतेस." ती म्हणायची, "बसतात की, दोरी लावून बसवल्या तर." आणि खरंच बसायच्या. दोन्हींचं रबर तिने आपल्या नव्या मशीनने कापून घेतलं होतं, म्हणजे कण्यापासून कडेचं अंतर दोन्हींवर सारखंच, त्यामुळे कडा जुळल्या की कणेही जुळायचे.

त्या सकाळी मी, थोरला आणि आप्पा, तिघं भिंतीशी उभे होतो. तिने रेल मांडल्या, जोडपट्टीचे स्क्रू आवळले, दोरी ताणली, आडवी पडून एका डोळ्याने पाहिलं. दोरी आणि रबर यांच्यात केसही जाणार नाही. तिने मशीन सुरू केलं.

पहिली रेल संपेपर्यंत ते पाण्यासारखं गेलं. सांध्यावर पोचलं आणि खाडकन अडकलं. पातं किंचाळलं, मशीन उसळून तिच्या अंगावर मागे आलं, रेल सरकली, आणि पात्याने फळीत तिरकी खोल खाच पाडली. तिने बटण सोडलं. हवेतला भुसा हळूहळू खाली बसत होता. तिला लागलं नव्हतं, पण ती स्वतःच्या हातांकडे असं बघत होती जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. आप्पांच्या हातातला कप तिरपा होऊन चहा त्यांच्या पायावर सांडत होता आणि त्यांना कळत नव्हतं.

मग आप्पा वाकले आणि जुन्या रेलवरून बोट फिरवलं. "हे रबर नवं आहे. कणा इथे, कड तिथे. हे जुन्या मशीनने कापलंय. कुणी लावलं हे?"

ते रबर आप्पांनीच लावलं होतं, माझ्यासमोर. मी टेबलाची मापं द्यायला गेले होते आणि ते सवयीने पेटीतलं जुनं मशीन काढून नवी पट्टी कापत होते. तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. आता ते विचारत होते ते खरंच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता.

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं.

"मी लावलं," ती म्हणाली.

"जुन्या मशीनने कापलंस?"

"हो."

"मग काय शिकवलं मी तुला?"

थोरला म्हणाला, "झालं ना समाधान? गाद्यावाल्याला सांगतो."

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. वर्गात मुलं बघतात तसं, बाई, सांगू नका. मी तोंड मिटलं.

ते दोघे गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. "अगं, किल्ली गेली तुझी. खोटं कशाला बोललीस?"

ती भुसा गोळा करत होती. "अडकलं ते माझ्याच हातून ना? मी कड पाहिली, कणा नाही पाहिला. मशीन काय कडेवर चालतं का?"

"पण रबर?"

"बाई, त्यांना आठवत नाहीये. थोरल्या भाऊजींसमोर ते कळायला हवं होतं का त्यांना?" मग सुपली टेकवून ती खालीच बसली. "ते विसरायला लागलेत, हे मलाही आत्ताच कळलं," ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी आप्पा माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले. "जुन्या मशीनच्या पात्याला काळं रबर चिकटलंय. ती त्या मशीनला हात लावत नाही, त्याच्या आवाजाला भिते. बाई, तुम्ही मापं द्यायला आला होतात ना? तेव्हा ते मशीन कोण चालवत होतं?"

खोटं सांगणं मला जमलं नाही. "तुम्हीच होतात, आप्पा."

ते दाराजवळच्या खुर्चीत बसले. मी पाणी आणलं, ते त्यांनी नुसतं धरून ठेवलं. "मला काहीच दिसत नाही हो तिथे," ते म्हणाले. "पाटी पुसावी तसं." मग त्यांनी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"हो."

ते एकदम उठले. "मग किल्ली आत्ताच द्यायला हवी. उद्या विसरलो तर?"

मी त्यांच्यामागे रस्ता ओलांडून गेले. गाद्यांचा व्यापारी आतली जागा पाहत होता, थोरला त्याला भिंती दाखवत होता. आप्पांनी कुणाशी न बोलता किल्ली सुनेच्या हातावर ठेवली आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटवली.

"पण फळी..." ती म्हणाली.

"रबर मी लावलं होतं," आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. थोरल्याने वडिलांकडे नीट पाहिलं, आणि तो व्यापाऱ्याला घेऊन बाहेर गेला.

खाचेअलीकडच्या भागाचं आमचं टेबल झालं, ठरल्यापेक्षा आखूड. दुकान आता ती चालवते. आप्पा दाराशी स्टुलावर बसून स्क्रू निवडतात, आणि रबर कुणी लावलं होतं असं मधूनच विचारतात. ती हातातलं काम न थांबवता म्हणते, "मी."