पायरी दोन इंच उंच

माझी लेक वैद्यकीय कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. तिच्या सरांनी प्रात्यक्षिकात मुलांनाच तपासायला घेतलं. टिकटिकीच्या ठेक्यावर स्टुलावर चढायचं, उतरायचं, मग बसून नाडी मोजायची. सत्र संपताना ज्याची नाडी सुरुवातीच्या चाचणीपेक्षा लवकर खाली येईल, त्याला मार्क. लोकांना व्यायाम सांगणाऱ्यांनी आधी स्वतः घाम गाळावा, असं सरांचं म्हणणं. मार्कांसाठी का होईना, लेक पळायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या एकाची हीच चाचणी करायची होती.

मी तयार होतो. पण गावाकडं दिंद्रुडच्या घरी माझा थोरला भाऊ, दादा, पुढं झाला. तुझ्या बापाला काय मोजतीस, तो दोन फेऱ्यांत आडवा होईल, म्हणाला. छातीत दुखतं का, दम लागतो का, हे लेकीनं आधी विचारलं. दादानं सगळ्याला न्हाई म्हटलं. वहिनी दारात उभ्या राहून त्याच्याकडं बघत होत्या.

स्टूल नव्हतं म्हणून ओट्याची पायरी घेतली. मोबाइलवर टिकटिक लावली. दादा चढत-उतरत माझ्या पोटावर बोलत होता. मग बोलणं थांबलं. तोंडावरचा रंग उतरला तशी लेकीनं त्याला लगेच खाटेवर बसवलं आणि मनगट धरलं.

मला माप घेतल्याशिवाय राहवत नाही. मी टेप आणून पायरी मोजली आणि लेकीला कॉलेजच्या स्टुलाची उंची विचारली. आमची पायरी दोन इंच जास्त भरली.

"बघ, पायरीच खोटी हाय," दादा धापा टाकत लेकीला म्हणाला. "नापास तू, मी न्हाई."

मी हसलो. लेकीनं मान वर केली नाही. "पप्पा, काल मी याच पायरीवर पूर्ण चाचणी केली होती."

टिकटिक अजून चालूच होती. मी ती बंद केली. अंगणात नुसता दादाचा श्वास ऐकू यायला लागला.

"मिनिट झालं न्हाई का?"

"झालं, काका."

"मग कावून धरून बसलीस?"

"ठोके सारखे पडत नाहीत. मधेच एखादा येतच नाही."

दादानं वहिनींकडं बघितलं. नको म्हटल्यासारखं बघितलं. वहिनी दारातून खाली आल्या. "पोळ्यापासून विहिरीच्या चढावर बसावं लागतंय यांना. कुणाला सांगू नको म्हणले."

एरवी तो त्यांच्या अंगावर धावून गेला असता. त्या दिवशी त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. ती गाडी त्यानं मला कधी पंपापर्यंतसुद्धा नेऊ दिली नव्हती. त्याचा हात गार आणि ओला लागला.

वहिनी पुढं बसल्या. मागं लेक त्याचं मनगट धरून होती. माजलगावपर्यंत आरशात मला तिचे ओठ हलताना दिसत होते, ती मोजत होती. दादा खिडकीबाहेर बघत होता. वाटेत त्याचाच ऊस लागला, तेव्हा त्यानं मान फिरवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, दोनदा बघितली आणि नर्सला खाट तयार करायला सांगितलं. मग विचारलं, हे कधीपासून होतंय?

"आजच," दादा म्हणाला. "पायरी उंच होती."

डॉक्टरांनी आमच्याकडं बघितलं. लेकीनं मनगट सोडलं नव्हतं.

"पोळ्यापासून," ती म्हणाली.